चाचणी केली : शरयू आठल्ये

“झाकण मिटायचं, एक माळ ओढायची, मग झाकण उघडायचं. आवाज आला तर ठीक, नाही आला तर मला फोन करायचा. बाकी काही करायचं नाही, शरू. डोकं चालवायचं नाही.”

विश्रामदादाचा तो आवाज अजून कानात आहे. सांगलीत आमच्या अंध मुलींच्या वसतिगृहात कंप्युटरची एक खोली होती, तिथं तो माझ्या लॅपटॉपवर वाकून बसला होता. मुली जेवायला गेल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून आमटीचा वास येत होता. मी तिथं मुलींना कंप्युटर शिकवायची आणि मला विश्रामदादानं शिकवलेलं. आमच्या बाबांच्या मित्राचा मुलगा, कॉलेजात प्राध्यापक. सख्खा भाऊ नव्हता मला, म्हणून भाऊबीजेला पाट त्याच्यासाठीच मांडला जायचा.

“माळ कशाला रे?” मी विचारलं.

“मशीन जरा निवांत झोपलं पाहिजे. आमच्याकडची माणसं घड्याळ लावून बसतात. तू देवाचं नाव घे, तेवढंच आमच्या कर्नेलला पुण्य.”

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो दिसत कुणालाच नाही, पण कळा, पडदा, आवाज, बॅटरी सगळं त्याच्या हुकमात. आमच्या मशीनांवर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी सिस्टिम होती. तिच्या कर्नेलची नवी आवृत्ती निघायच्या आधी चाचणीच्या आवृत्त्या बाहेर पडतात. ज्याला धीर असेल त्यानं त्या आपल्या मशीनवर घालून बघायच्या आणि काय बिघडतं ते कळवायचं. या खेपेच्या चाचणी-आवृत्तीत विश्रामदादानं स्वतः लिहिलेला एक बदल घालून आणला होता; तो कायमचा आत घ्यायचा की नाही हे अजून ठरायचं होतं. वसतिगृहाची मशीनं एका कंपनीनं वापरून झाल्यावर दान दिलेली, सगळी एकाच जातीची. बॅटऱ्या थकलेल्या. झाकण मिटल्यावर आवाजाचा भाग पुरता झोपवायचा, म्हणजे बॅटरी कितीतरी जास्त टिकेल, अशी त्याची युक्ती होती. आमच्या गावातून तिथवर पोचलेला तो पहिलाच, आणि तेही आमच्या मुलींच्या अडचणीसाठी. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. तो अभिमान खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

“आणि चाचणी नीट झाली की खाली तुझं नाव लागणार,” तो म्हणाला.

“माझं कशाला?”

“पद्धत आहे तिथली. बदल लिहिला त्याचं नाव वर, आणि स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिला त्याचं खाली. चाचणी केली, अमुकअमुक. ते नाव मग कायमचं.”

“पुसत नाहीत?”

“मागचं कधीच पुसत नाहीत. बदल चुकला तर पुढं दुसरा घालून तो काढतात, पण झालेलं जसंच्या तसं राहतं.”

“म्हणजे साक्षच की ही.”

“साक्षच.”

“मग खरी असेल तरच लाव हो, दादा.”

“बघा!” तो मोठ्यांदा हसला. “अगं, तुझ्या नावावर मी खोटं लावीन का? मला काय नरकात जायचंय?”

तेवढ्यात काठीचा टकटक आवाज आला आणि तस्लीम आत आली. तस्लीम मुजावर मिरजेची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वडील सतारी बनवायचे, त्यामुळे पोरीचा कान असा की जिन्यावरच्या पावलांवरून कोण रागात आहे ते सांगायची. त्या वर्षी विद्यापीठानं पहिल्यांदाच एका अंध विद्यार्थिनीला कंप्युटरवर पेपर लिहायची परवानगी दिली होती, ती हिला. मशीन कानात वाचून दाखवणार, ही टाइप करणार. तोवर सगळ्या मुली लेखनिक घेऊन परीक्षा देत. यांनी सांगायचं, लेखनिकानं लिहायचं.

“नरकात कोण निघालंय?” तिनं विचारलं.

“मी. तुझ्या ताईंनी तिकीट काढलंय,” दादा म्हणाला.

“ताई नाही काढायच्या. ताई एकादशीला कंप्युटरलासुद्धा उपास घडवतात.”

“खरंच की! फोनसुद्धा बंद. एखाद्या एकादशीला मी मेलो तर हिला द्वादशीला कळेल.”

“आमच्या रोज्यात पाणी पण नाही, दादा. यांच्या उपासाला खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. मी अम्मीला म्हटलं, आपण पण एकादशीच धरू या.”

“गप गं,” मी म्हटलं, पण हसू मलाही आवरेना. एकादशीला मी संगमावर हरिपूरला जायची ती दिवे लागल्यावर परतायची. त्या दिवशी पडद्याकडे बघायचं नाही हा माझाच नेम, कुणी घालून दिलेला नव्हता.

“दादा, ही नवी आवृत्ती माझ्या मशीनवर कधी?” तस्लीमनं विचारलं.

“परीक्षा कधी आहे तुझी?”

“पुढच्या महिन्यात.”

“त्याच्या आत येईल. पण आधी ताईंच्या मशीनवर. ताई म्हणाल्या चांगलं, तरच तुला.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी मी लेखनिकाला ‘सार्वभौमत्व’ सांगितलं, तर ती म्हणाली, दुसरा सोपा शब्द सांग ना! आता माझे शब्द मीच लिहिणार. कुणाला विचारायला नको.”

दुसऱ्या दिवसापासून मी घरी सकाळची पूजा झाली की देवघरासमोरच मशीन घेऊन बसायला लागले. झाकण मिटायचं, माळ ओढायची, उघडायचं. पहिल्या दिवशी उघडल्याबरोबर मशीनमधली बाई बोलली. मुली तिला बाईच म्हणायच्या, कारण तिचं मराठी एखाद्या कडक मुख्याध्यापिकेसारखं होतं. दुसऱ्या दिवशीही बोलली. मग एकदा बोलली नाही. पडद्यावर सगळं दिसत होतं, अक्षरं हलत होती, पण आवाज नाही. पुन्हा केलं, बोलली. पुन्हा, नाही. आईनं बाहेरून विचारलं, “आज इतका कसला जप चाललाय?” अर्धी माळ ओढून उघडलं तर दरवेळी ठीक चालायचं. पुरती माळ झाली की कधी बोलायची, कधी मुकी.

मी फोन केला. दादा लगेच आला. चप्पल दारात काढली न काढली तोच मशीनपाशी बसला, झाकण मिटून उघडलं. बाई बोलली.

“बोलतेय की.”

“लगेच नको. थांब जरा.”

“एवढा वेळ कोण मिटून ठेवतं, शरू?”

“तूच म्हणालास, एक माळ.”

मग आम्ही दोघंही देवघरासमोर बसलो. मी माळ ओढत होते, तो माझ्या बोटांकडे बघत होता. मेरुमणी आला तसं मी झाकण उघडलं. मशीन मुकं. त्यानं कळा दाबून पाहिल्या, आवाज वाढवून पाहिला, कान लावला. काही नाही.

“पडद्यावर तर सगळं येतंय,” तो म्हणाला.

“येतंय. पण दादा, पडद्यावर येऊन आमच्या मुलींनी काय करायचं?”

तो हळूच म्हणाला, “कळलं मला कुठं चुकलंय. सुधारतो. पण तू कुठं लिहू नकोस हं, मीच कळवतो त्यांना. लिहिणाऱ्यानं स्वतःची चूक स्वतः सांगितली की बरं दिसतं.”

मला ते पटलं. आपली चूक आपल्या तोंडानं कबूल करणारा माणूस मला कुणापेक्षाही मोठा वाटतो.

मध्ये काही दिवस गेले. एका संध्याकाळी तो आला, माझं मशीन परत जुन्या आवृत्तीवर आणून ठेवलं.

“झालं का सुधारून?”

“झालं गं.”

“मग मी बघते की पुन्हा एकदा.”

“नको, आता दुसरे बघतायत. तुझं काम संपलं. किती छळायचं तुला?”

म्हणजे माझं नाव आता लागणार नाही, असं मी धरून चालले. मला बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या कामावर आपलं नाव कशाला हवं?

त्यानंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी रजा घेतली. आईच्या डोळ्यात थेंब घालायचे, तिला वाकू द्यायचं नाही, पोथी मोठ्यानं वाचून दाखवायची, यात दिवस कुठं जायचा कळायचं नाही. दादाचा एकदा फोन आला. नवी आवृत्ती बाहेर पडली, त्यात त्याचा बदल गेला, मुलींच्या सगळ्या मशीनांवर त्यानं ती घालूनही दिली. “इनामदारबाईंनी नारळ फोडला!” तो म्हणाला. इनामदारबाई आमच्या अधीक्षिका. आई म्हणाली, “विश्रामला म्हणावं, औक्षवंत हो.” मी तसं सांगितलं.

तस्लीमच्या पहिल्या पेपरच्या दिवशी मी रजेवरून परतले. पेपर सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती रिक्षातून उतरली. काठी काखेत तशीच धरलेली, उघडलेलीसुद्धा नव्हती. रिक्षावाल्यानं हात धरून तिला आत आणून सोडलं. तस्लीम कुणाला हात धरू द्यायची नाही.

“काय गं?”

“आत चला.”

कंप्युटरच्या खोलीत येऊन ती नेहमीच्या खुर्चीत बसली. मशीन मांडीवरून खाली ठेवेना.

“ताई, बाई गप्प बसली.”

“म्हणजे?”

“पहिला प्रश्न लिहून झाला होता. छान चालला होता. मग पर्यवेक्षक म्हणाले, तुला वेगळ्या खोलीत बसवायचंय, इथं टकटक आवाजानं बाकीच्यांना त्रास होतो. मी झाकण मिटलं. खोलीची किल्ली सापडेना, मग शिपायाला हाका, मग टेबल आणा. मी मशीन छातीशी धरून उभी. बसले, उघडलं, तर काही नाही.”

“मग?”

“मला वाटलं, माझ्याच कानाला काही झालं. मी सरांना म्हटलं, सर, चालू आहे का हो हे? ते म्हणाले, चालू आहे की, सगळं दिसतंय! मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. ते म्हणाले, दिसत नाही ते माहीत होतं, आता ऐकू पण येत नाही का?” ती हसली. ते हसणं मला बघवेना. “दुसरे एक आले, त्यांनी बटण दाबून धरलं. बंद पडलं. लिहिलेलंही गेलं. मी म्हटलं, परत चालू करते, मला जमतं. तर म्हणाले, आता हात लावू नकोस, आम्हाला रिपोर्ट करावा लागेल. पेपर संपेपर्यंत बसवून ठेवलं. नुसतं.”

मी तिच्या मांडीवरचं मशीन घेतलं. चालू केलं, बाई बोलली. झाकण मिटलं. पदराखाली माळ होतीच. बोटं आपोआप चालत होती, पण नाम काही येत नव्हतं. उघडलं. पडदा लख्ख आणि मशीन मुकं.

तस्लीमला न सांगताच कळलं. माझा श्वास तिनं ऐकला असणार.

“तुमच्या मशीनवर असं नव्हतं झालं, ताई?”

“झालं होतं.”

“मग तुमचं नाव कसं होतं त्यात?”

“माझं नाव?”

“दादांनी सगळ्या मुलींना वाचून दाखवलं. वर त्यांचं नाव, खाली तुमचं. चाचणी केली, शरयू आठल्ये. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी तर नकोच म्हणत होते, परीक्षेच्या तोंडावर नवीन कशाला म्हणून. मग ते नाव ऐकलं आणि म्हटलं, घाला.”

मी तिला एवढंच म्हटलं, “मी येते जरा जाऊन. मशीन असंच राहू दे. कुणाला हात लावू देऊ नकोस.”

विश्रामदादाच्या घरी दारातच वृंदावहिनी भेटली. नवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा. “बाई गं, तुलाच बोलवायला निघाले होते! आधीच कानावर आलं का तुझ्या? ये ये. यांना परदेशातली नोकरी लागली. मोठी कंपनी आहे. पुढच्या महिन्यात निघायचं.” तिनं माझ्या हातात पेढा ठेवला. “देवापुढं ठेवलेत, खा.”

दादा आतून आला. मला बघून तो हसला, आणि मग त्याचं हसू थांबलं.

“तस्लीमचं मशीन पेपरात मुकं झालं,” मी म्हटलं.

“कुठल्या पेपरात? अरेरे. तिनं बंद करून पुन्हा चालू करायचं ना.”

“काय बिघडलंय ते माहीत नसताना? परीक्षेत?”

“हं.”

“तू सुधारलं म्हणालास, दादा.”

“सुधारणारच होतो. वेळ कुठं होता? अंतिम आवृत्ती निघायला आली होती. तेव्हा आत गेलं नसतं तर पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागलं असतं. या कंपनीला माझा बदल आत गेलेला बघायचा होता, शरू. पुढच्या खेपेला कोण थांबलं असतं माझ्यासाठी?”

“आणि माझं नाव?”

तो खुर्चीत बसला. मी उभीच होते.

“तो भाग एक माणूस सांभाळतो तिथं,” तो म्हणाला. “त्यानं विचारलं, जास्त वेळ मिटून ठेवून कुणी तपासलंय का? मी म्हटलं, तपासलंय.”

“मी बिघडतंय म्हणून सांगितलं होतं.”

“तपासलं तर होतंस ना? मी तेवढंच म्हटलं. मग तो म्हणाला, नाव द्या, आणि तिला विचारून घ्या. तिची काही हरकत नसेल तर आज घेतो. मी तुला फोन केला. अगदी खरं सांगतो. दोन-तीनदा केला. बंद लागला.”

“कधी केलास?”



वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. आमचं पुरतं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं, शेवटचं तेवढं ऐकलं असेल. “त्या एकादशीला ना?” ती म्हणाली. “मी म्हटलंसुद्धा यांना, अहो, आज एकादशी, शरू फोन उचलायची नाही, ती गेली असेल हरिपूरला. उद्या करा. तर म्हणाले, नाही, आजच करायला हवा.”

तांब्या टेबलावर ठेवून ती पुन्हा आत गेली. गजऱ्याचं एक फूल जमिनीवर पडलं होतं. दादा त्याच्याकडे बघत होता.

“मी त्याला लिहिलं,” तो हळू म्हणाला, “तिला विचारायला फोन केला, तिची हरकत आलेली नाही. शब्दन् शब्द खरा आहे, शरू. तू पाहिजे तर बघ.”

मला त्या एकादशीचं संगमावरचं पाणी आठवलं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मी ज्यांच्यासाठी मागत होते त्यांच्यात हा होता. त्याच वेळी हा माझा बंद फोन लावून बघत होता, तो बंदच लागावा म्हणून.

“एक कर,” मी म्हटलं. “आजच्या आज त्यांना लिही की यात दोष आहे.”

“लिहीन ना. तिथं रुजू झालो की पहिलं काम ते. आत्ता लिहिलं तर काय दिसेल?”

“आणि तस्लीम?”

“पुढच्या परीक्षेला बसेल. सहा महिन्यांनी. तिचं काय वय निघून चाललंय?” त्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे ओले होते, हेही मला सांगायला हवं. “शरू, तू मला भाऊ मानतेस ना?”

“मानते,” मी म्हटलं, आणि निघाले.

पेढा हातातच होता. देवापुढचा, म्हणून टाकवेना, आणि तोंडातही घालवेना. शेवटी कोपऱ्यावर एक गाय उभी होती तिला दिला.

दुसऱ्या दिवशी तस्लीम प्राचार्यांना भेटून आली. “ताई, रिपोर्ट गेलाय,” ती म्हणाली. “मुलीला मशीन चालवता आलं नाही, असा. आता कोल्हापूरला विद्यापीठाची समिती बसणार. प्राचार्य चांगलं बोलले, पण म्हणाले, समितीत एकदोघांचं आधीपासूनच म्हणणं आहे, या मुलींना लेखनिकच बरा. माझ्या मागच्या मुलींनासुद्धा आता परवानगी मिळायची नाही. दोष मशीनमध्ये आहे असं कुणी जाणत्यानं येऊन त्यांच्यासमोर दाखवलं, तरच माझा पेपर पुन्हा घेतील.”

मग मी तिला सगळं सांगितलं. दोष मी पाहिला होता, दादानंही पाहिला होता, एकादशी, फोन, सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती. बोटं टेबलाच्या कडेवर फिरत होती, सतारीच्या पडद्यांवरून फिरावीत तशी.

“म्हणजे नाव तुमचं, पण साक्ष तुमची नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“तुम्ही याल दाखवायला? ते म्हणतील, बाई, तुमचंच तर नाव आहे इथं. मग तुम्हाला दादांचं सांगावं लागेल.”

“येईन.”

“तुम्ही त्यांना ओवाळता, ताई.”

“येईन म्हटलं ना.”

“शपथ घ्या.”

“शपथ मी घेत नाही गं. येईन.”

त्या संध्याकाळी मी स्वतः बसून, कर्नेलचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसाला मेल लिहिली. माझं इंग्रजी बेताचंच. तीनच ओळी लिहिल्या: हे नाव माझं आहे, ही चाचणी मी केली होती, आणि चाचणीत मशीन मुकं झालं होतं. त्याचं उत्तर पुढं फार सभ्य आलं. बदल काढून टाकला गेला. पण दादानं सांगितलं होतं ते खरंच होतं, मागचं तिथं पुसत नाहीत. इतकी वर्षं झाली, ती ओळ अजून आहे. खोट्यावर माझी सही असावी तशी.

समितीच्या आदल्या दिवशी दादा वसतिगृहात आला. पिशवीतून त्यानं एक डिस्क काढली.

“तस्लीमचं मशीन दे. जुनी आवृत्ती घालून देतो. पुढचे पेपर तरी नीट जातील पोरीचे.”

मशीन माझ्या टेबलावर होतं. मी त्याच्यावर हात ठेवला.

“आत्ता नको.”

“का?”

“उद्या समितीसमोर न्यायचंय. असंच.”

त्याचा चेहरा उतरला. “तू ते दाखवणार?”

“हो.”

“आणि माझं नाव घेणार?”

“विचारलं तर घेईन.”

“तुला काय मिळणार यातून? माझं सगळं जाईल. कंपनीच्या कानावर गेलं तर बोलावणं रद्द होईल. वृंदानं भांडीसुद्धा देऊन टाकायला सुरुवात केलीय गं, शरू.”

मी कधीच भांडलेली नाही, भांडायचे शब्द मला येत नाहीत. त्या दिवशी ते यावेत असं फार वाटलं.

“एवढ्या वर्षांत मी तुला काय कमी केलं?” त्यानं विचारलं. “कळफलकावर बोटं कशी ठेवायची इथपासून मी शिकवलं तुला.”

“हो.”

“मग?”

“मग काही नाही, दादा. तू मागितलं असतंस तर मी तुला काय दिलं नसतं? तू विचारायलाच नको म्हणून दिवस शोधलास.”

तो उभा राहिला. मशीनकडे एकदा बघितलं. क्षणभर वाटलं, माझा हात झटकून ते घेईल. मी पदर खोचला. त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं असावं. डिस्क पिशवीत घालून तो जिना उतरला. तस्लीम दाराशी उभी होती. ती म्हणाली, “रागात नाही गेले, ताई. पाय ओढत गेले.”

सकाळी आईच्या डोळ्यात थेंब घातले, देवाला फूल वाहिलं आणि निघाले. एसटी स्टँडवर तस्लीम आधीच येऊन उभी होती, वडिलांच्या खांद्याला धरून. त्यांच्या बोटांना लाखेचा पिवळा रंग होता. “मी येतो म्हणत होतो,” ते म्हणाले, “तर म्हणते, ताई असताना तुम्ही कशाला?” त्यांनी मशीनची पिशवी माझ्या हातात दिली. आम्ही चढलो. तस्लीम खिडकीशी बसली. पिशवी मी मांडीवर घेतली.

पर्समध्ये फोन वाजायला लागला.

“दादांचा का?” तिनं विचारलं.

“हो.”

“घ्या ना.”

मी घेतला. पलीकडे तो काही बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, “दादा, आम्ही निघालो,” आणि फोन ठेवला.

कंडक्टर आला. “कुठं?”

“कोल्हापूर. दोन द्या.”

गाडी स्टँडबाहेर वळली. तस्लीमनं माझा हात चाचपून धरला.

“ताई, तिथं त्यांनी विचारलं, हे नाव तुमचंच का?”

“माझंच आहे म्हणेन.”

“आणि मग?”

“मग पुढचं सांगेन.”